उलटे आटे

कामठीच्या लिलावातून ओढून आणली जोंगा
तेव्हा अर्धी माझी होती, अर्धी धनपालची.
सीटखाली उंदराचं घर, भुईमुगाची टरफलं,
हिरव्या रंगाखाली आणखी एक हिरवा रंग.
मग दोघांत काय झालं ते सांगण्यासारखं नाही.
रंगाच्या डब्यावरून सुरू झालं
आणि बापाच्या दवाखान्याच्या बिलापर्यंत गेलं.
दोन वर्षं ती मानेवाड्याच्या अंगणात
चाकांखाली विटा, अंगावर ताडपत्री.

या मे महिन्यात मी ताडपत्री काढली.
दिवसा पाना हातात धरवत नाही,
शेचाळीस अंशांत लोखंड चावतं.
म्हणून पहाटे साडेचारला, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर,
कूलरचं तोंड अंगणाकडे वळवून
बाजेवर पान्यांची मांडणी.
बायको म्हणते, उशीच्या खोळीला डिझेलचा वास येऊन रायला.

उजवी चाकं निघाली.
डावीकडचा पुढचा पहिलाच नट हलेना.
रॉकेल पाजलं, रात्रभर मुरू दिलं,
हातोडीने ठोकलं,
पान्याला तीन फुटी पाइप लावून वर उभा राहिलो,
पंच्याऐंशी किलोचा माणूस, बनियनवर.
पाइप वाकला. नट तसाच.
मग त्याला सगळ्या नात्यांवरून बोललो.

तितरमारे काकू आल्या, हातात कुरड्यांची परात.
बॉनेटवर धुतलेलं धोतर पसरून
त्यांनी कधीचाच कब्जा केलेला,
इतका तापणारा पत्रा गल्लीत दुसरा नाही म्हणून.
एकतीस वर्षं अंबाझरीच्या कारखान्यात लेथवर होत्या.
कुरड्या मांडता मांडता खाली वाकल्या.
"काऊन रे बाप्पा, सोडून रायला का आवळून रायला?"
अंगठ्याने गंज खरवडला, तर नटाशेजारी
नखाएवढं एक अक्षर ठोकलेलं.
"डाव्या अंगाचे आटे उलटे असतात,
चाक फिरता फिरता नट सुटू नये म्हणून.
दोन दिवसांपासून आवळून रायला तू याले."

पाना उलटा फिरवला.
एकदा करकरला,
मग बाटलीच्या बुचासारखा हातात आला.
काकू काही बोलल्या नाहीत.
परात काखेत घालून गेल्या.

त्यानंतर काम पळालं.
कमानीत एक पाटा वाढवला,
कळमन्याच्या भंगारातून पॉवर स्टेअरिंग आणलं,
त्याचं ब्रॅकेट मीच वेल्ड केलं,
दिसतं शेवयांच्या गुंत्यासारखं, पण धरून आहे.
चोवीस व्होल्टची वायरिंग उपसून बाराची घातली.
पुढे डिस्क ब्रेक.
नव्या हबला दोन्हीकडे सुलटेच आटे.
उलटे नट लोणच्याच्या बरणीत ठेवलेत,
फेकवत नाहीत.

राहिलं ब्रेकमधली हवा काढणं.
ते एकट्याने होत नाही.
एकाने आत बसून पेडल दाबायचं, धरायचं,
दुसऱ्याने चाकाशी पडून निपल उघडायचा.
पोरगा पुण्याला. बायकोचा गुडघा.
काकूंना विचारलं तर म्हणाल्या,
"मले पेडल पुरत नाही.
अन् तुझा भाऊ काय दिघोरीतून अमेरिकेले गेला?"

धनपाल आला रात्री साडेनऊला.
घरात न जाता सरळ गाडीत बसला.
सीट मागेपुढे करावी लागली नाही,
आमची उंची एकच.

दाब.
दाबलं.
धर.
धरलं.
सोड.

नळीतून आधी काळं तेल, मग फेस,
मग बुडबुडे, बाटलीत एकामागून एक.
पुन्हा दाब. पुन्हा धर.
चार चाकं मिळून पन्नासेक वेळा झालं असेल.
दोन वर्षांत एवढं बोललो नव्हतो.

शेवटच्या चाकाशी त्याने वरून विचारलं,
"किती लागले?"
मी गाडीखालून आकडा सांगितला,
थोडा कमी करून.
"हं," म्हणाला.
पाय मात्र पेडलवर तसाच दाबलेला होता,
मी अजून सोड म्हटलं नव्हतं.